पाकिटाला आवाज नसतो

मराठीत पैसे खातात. उकळतात, दाबतात, लाटतात हेही आहेच, पण पोलीस आणि पैसा एका वाक्यात आले की तोंडात पहिलं क्रियापद येतं ते खाण्याचं. मेक्सिकोत लाचेला 'मोर्दिदा' म्हणतात, म्हणजे चावा. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगाने १९७२ साली खाणाऱ्यांचे दोन वर्ग पाडले, गवतखाऊ आणि मांसखाऊ. समोर आलेलं मुकाट चरणारे ते गवतखाऊ, शिकार हुडकत हिंडणारे ते मांसखाऊ. आयोगाला जास्त घोर लागला होता तो गवतखाऊंचा. त्यांची संख्या इतकी मोठी होती की न खाणाराच वेडा ठरत होता.

रॉक संगीत पोलिसांवर भरपूर बोललं आहे. मार, धाड, कोठडी, सायरन, बूट, सगळं त्यात आहे. या खाण्याबद्दल मात्र ते फार कमी बोलतं. पोलीस मारतो अशी गाणी शेकड्यांनी सापडतात, पोलीस खातो अशी शोधावी लागतात. याचं कारण गायकांच्या भित्रेपणात शोधणं चूक आहे. ते लाचेच्या स्वभावात आहे, आणि ते समजून घ्यायला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. तिथे गाणीही आहेत आणि त्या गाण्यांच्या काळात पडद्यामागे काय चाललं होतं त्याची शपथेवरची नोंदही आहे.

आधी पडद्यामागचं. क्वीन्सलँडच्या पोलीस दलात लायसन्सिंग ब्रँच नावाची शाखा होती. दारूचे परवाने, जुगार, वेश्याव्यवसाय तिच्या अखत्यारीत. घोड्यांच्या शर्यतीवर मैदानाबाहेर, फोनवरून आणि दारूच्या गुत्त्यांतून बेकायदा पैसे लावून घेणारे बुकी राज्यभर होते. आपल्याकडच्या मटक्यासारखंच, सगळ्यांना ठाऊक आणि कागदोपत्री कुठेच नाही. या बुकींकडून नियमित रक्कम घ्यायची आणि शाखेतल्या अधिकाऱ्यांत वाटायची, अशी व्यवस्था १९५०-६०च्या दशकांपासून होती. आतली माणसं तिला 'द जोक' म्हणत. जॅक हर्बर्ट हा तिचा कारभारी. आधी शाखेत अधिकारी म्हणून आणि पुढे नोकरी सोडल्यावर बाहेरून त्याने ही वसुली चालवली. पुढे बुकींच्या जोडीला राज्याची राजधानी ब्रिस्बेन इथले वेश्यागृहवाले आणि बेकायदा जुगारअड्डेवालेही आले.

अशी व्यवस्था उभी राहायला काय काय लागतं, ते पाहण्यासारखं आहे. लोकांना हवी असलेली एखादी गोष्ट कायद्याने बंद असावी लागते. कुणावर धाड घालायची आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हे ठरवण्याची मोकळीक अधिकाऱ्याच्या हातात असावी लागते. मग पैसे वेळेवर पोचवणारा एक विश्वासू मधला माणूस. धाडीच्या आधी फोन करणारा एक हात. आणि अधूनमधून नावापुरती अटक, म्हणजे आकडे बरे दिसतात, एखाददुसऱ्या बाईला दंड होतो, मालक दंड भरतो आणि दुकान संध्याकाळी पुन्हा उघडतं. प्रामाणिक अधिकाऱ्याचं काय करायचं? त्याला दूर उत्तरेच्या उन्हात बदलीवर पाठवायचं. क्वीन्सलँड महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं आहे, बदलीला जागा कमी पडत नाही.

व्यवस्था मोडते तीही याच सांध्यांवर. वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला बुडवण्याएवढी माहिती असते. ती माहिती बाहेर काढायला एकच माणूस माफीचा साक्षीदार व्हावा लागतो. ब्रिस्बेनमध्ये तो व्हायला १९८७ साल उजाडलं. तोवर दहा वर्षं शहरातली पोरं गिटारी वाजवत होती.

१९७६ साल क्वीन्सलँडच्या इतिहासात विलक्षण गर्दीचं आहे. जूनमध्ये ब्रिस्बेनच्या एका छोट्या स्टुडिओत 'द सेंट्स' नावाच्या बँडने एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. जुलैत विद्यार्थ्यांच्या मोर्चात एका पोलिसाने एका मुलीच्या डोक्यात दंडुका घातला. पोलीस आयुक्त रे व्हिट्रॉड यांना त्याची चौकशी हवी होती, मुख्यमंत्री जो ब्येल्के-पीटरसन यांनी ती होऊ दिली नाही. ऑगस्टच्या अखेरीस पोलिसांनी उत्तरेकडच्या सीडर बे इथली हिप्पींची वस्ती जाळली. सप्टेंबरमध्ये सेंट्सची तबकडी बाहेर आली. आणि नोव्हेंबरमध्ये व्हिट्रॉड यांनी राजीनामा दिला, कारण चार्लव्हिल या आडगावात नेमणुकीवर असलेल्या टेरी लुईस या इन्स्पेक्टरला सरकारने कितीतरी वरिष्ठांना डावलून थेट सहायक आयुक्त केलं होतं. व्हिट्रॉड गेले आणि लुईस आयुक्त झाले. वसुलीची व्यवस्था ज्या माणसाने साफ करायला घेतली होती तो बाहेर, आणि पुढे ज्याच्यावर त्याच वसुलीतला वाटा घेतल्याचं कोर्टात सिद्ध झालं तो खुर्चीत. तेही त्याच सहा महिन्यांत, ज्यात त्या शहराचं रॉक संगीत जन्माला आलं.

सेंट्सची ती तबकडी, 'आय ॲम स्ट्रँडेड', त्यांनी स्वतःच्या पैशाने काढली. प्रती ५००. लेबलही स्वतःचं, फेटल रेकॉर्ड्स. शहरात वाजवायला जागा मिळेना म्हणून पेट्री टेरेसवरच्या आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच ते कार्यक्रम करत आणि घराला क्लब ७६ म्हणत. काही प्रती इंग्लंडमधल्या संगीत साप्ताहिकांना गेल्या. 'साउंड्स'ने तिला या आठवड्याची आणि प्रत्येक आठवड्याची तबकडी ठरवलं. गाण्यात पोलीस कुठेच नाही. आहे ती एक अडकलेपणाची ओरड. एड क्युपरची गिटार एकही फट न ठेवता भिंतीसारखी वाजत राहते आणि ख्रिस बेली त्या भिंतीवर आवाज आपटतो. वर्षभरात बँड देश सोडून लंडनला गेला. शहराचं नाव त्यांच्या गाण्यात आलं ते १९७८च्या तिसऱ्या अल्बमवर, आणि आलं तेही 'सिक्युरिटी सिटी' या विशेषणासकट.

४ सप्टेंबर १९७७ रोजी ब्येल्के-पीटरसन यांनी राजकीय मोर्चांचे दिवस संपले असं जाहीर केलं. कायद्यातला बदल बारीक आणि चलाख होता. मोर्चाची परवानगी नाकारली तर पूर्वी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येत असे. आता दाद मागायची ती पोलीस आयुक्ताकडेच. २२ ऑक्टोबरच्या एका मोर्चात ४००हून जास्त माणसं उचलली गेली. एवढ्या माणसांना पकडायला, गाडीत घालायला, ठाण्यावर नोंदवायला किती पोलीस लागले असतील? ते मनुष्यबळ त्या शहरात होतं. शहरातल्याच फॉर्टिट्यूड व्हॅली भागातल्या जुगारअड्ड्यांचे जिने चढायला मात्र ते नव्हतं.

उपनगरांतल्या सार्वजनिक हॉलमध्ये पंक कार्यक्रम होत, तिथेही पोलीस पोचत. अशा कार्यक्रमाचं गणित फार नाजूक असतं. हॉल कुणा एकाच्या नावावर घेतलेला असतो, डिपॉझिट त्याचं, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर भाड्याचे, तिकिटाचा पैसा दारात गोळा होईल तसा. पहिल्या तासात गाडी येऊन उभी राहिली आणि कार्यक्रम बंद पडला की भाडं अंगावर येतं आणि हॉलची समिती पुढचं बुकिंग घेत नाही. संगीत बंद पाडायला संगीतावर बंदी घालावी लागत नाही, दोन शनिवार पुरतात. आवाज, अल्पवयीन मुलं, दारू, अर्वाच्य भाषा, यातलं कुठलंही एक कारण चालतं. म्हणून ४ झेडझेडझेड या नभोवाणी केंद्राला इतकं महत्त्व आलं. ८ डिसेंबर १९७५ला ते क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आवारातून सुरू झालं, आणि पहिलं गाणं वाजलं ते 'द हू' या बँडचं, पुन्हा फसणार नाही असं बजावणारं. केंद्राचे लोक विद्यापीठाच्या भोजनगृहात कार्यक्रम भरवत. शहराच्या हॉलपेक्षा आवारात जरा श्वास घेता यायचा.

या सगळ्यातून जी गाणी निघाली ती पाहा. 'रेझर' या बँडने १९७८ साली 'टास्क फोर्स' काढलं. टास्क फोर्स ही पोलिसांची एक खरोखरची तुकडी होती आणि गाणं साध्या वेशातल्या पोलिसांबद्दल आहे. १९७९ साली इंग्लंडच्या 'द स्ट्रँगलर्स'नी 'न्यूक्लियर डिव्हाइस'मध्ये खुद्द ब्येल्के-पीटरसन यांनाच विषय केलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'द पॅरामीटर्स'चं 'पिग सिटी' आलं आणि ४ झेडझेडझेडच्या श्रोत्यांनी ते आपलं राष्ट्रगीत असल्यासारखं जपलं. नाव पुरेसं बोलकं आहे.

या गाण्यांत पाळत आहे, दंडुका आहे, सत्ता आहे. पाकीट नाही. मला वाटतं याचा उलगडा आपल्या दोन साध्या मराठी शब्दांत आहे, हप्ता आणि चिरीमिरी. आपण दोन्हीला लाच म्हणतो, पण हे दोन वेगळे व्यवहार आहेत. चिरीमिरी रस्त्यावर, उघड्यावर, अनोळखी माणसाकडून घेतली जाते. देणाऱ्याला ती टोचते, घरी जाऊन तो ती चार जणांना सांगतो. हप्ता ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या माणसाकडून, धंदेवाल्याकडून येतो. त्यात देणाराही खूश आणि घेणाराही खूश. नाडला जातो तो तिसराच, आणि त्या खोलीत तो नसतोच. ब्रिस्बेनची व्यवस्था ही हप्त्याची होती. गिटार वाजवणाऱ्या वीस वर्षांच्या पोराने जन्मात कधी पोलिसाला पैसे दिलेले नव्हते. त्याच्याकडे मागण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या वाट्याला पोलीस आला तो फक्त बुटाच्या रूपाने, आणि त्याने बुटाचं गाणं केलं. ढोलाच्या ठेक्यावर बूट बसतोही चांगला. दर महिन्याची विभागणी बसत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यात हिशेबाची वही कशी मावणार?

दुसरं कारण कायद्याचं. पोलिसाला डुक्कर म्हटलं तर दंड होतो. अमुक अधिकाऱ्याने अमुक अड्ड्याकडून पैसे घेतले म्हटलं तर अब्रुनुकसानीचा दावा होतो, आणि सिद्ध करायचं ओझं म्हणणाऱ्याच्या डोक्यावर. पुढे दूरचित्रवाणीवर हे सगळं उघड करणारे पत्रकार ख्रिस मास्टर्स यांना दशकाहून जास्त काळ असे खटले लढावे लागले. त्यांच्या पाठीशी ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय प्रसारणसंस्था होती. ५०० प्रती काढणाऱ्या बँडच्या पाठीशी कोण?

चिरीमिरीचं मात्र गाणं होतं, आणि झालं तर कसलं जबरदस्त होतं, ते मेक्सिकोत ऐकावं. १९९७ साली 'मोलोतोव' या बँडचा पहिला अल्बम आला, त्यात 'गिम्मी द पॉवर'. गाणं सुरू होतं तेच थेट ऐकणाऱ्याशी बोलत: पोलीस तुझ्याकडून पैसे उकळतोय, आणि जगतोय तोही तूच भरलेल्या पैशावर. मध्ये घोळका 'पैसा!' असं ओरडतो. पुढच्या ओळीत तुला गुन्हेगारासारखं वागवतात त्याचा दोष शहराच्या 'रेहेन्ते'वर टाकला आहे. रेहेन्ते म्हणजे मेक्सिको शहराचा राष्ट्राध्यक्षाने नेमलेला कारभारी. लोकांनी निवडलेला पहिला प्रमुख त्या शहराला मिळाला त्याच १९९७ साली. म्हणजे गाणं शिपायापाशी थांबत नाही. हात पसरणाऱ्यापासून त्याची नेमणूक करणाऱ्यापर्यंत दोन ओळींत चढतं.

हे जमलं, कारण तिथे 'तू' म्हटल्यावर सभागृहातल्या प्रत्येकाला आपला स्वतःचा सिग्नल, स्वतःचा शिपाई आणि स्वतःच्या खिशातली नोट आठवते. गायकाला काही सिद्ध करावं लागत नाही, नाव घ्यावं लागत नाही. ऐकणारे सगळेच साक्षीदार. त्यातून मेक्सिको शहराला १९७६ ते १९८२ या काळात आर्तुरो दुरासो नावाचा पोलीसप्रमुख लाभला होता. त्याच्या कारकिर्दीत खालच्या शिपायाने गोळा केलेल्यातला वाटा वर वर चढत जायचा. समुद्रकाठी सिवातानेखोला त्याने ग्रीक खांबांचा महाल बांधला, लोक त्याला पार्थेनॉन म्हणत. १९८४ साली तो प्युर्तो रिकोत पकडला गेला. चिरीमिरी आणि हप्ता तिथे एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. 'माल्दिता वेसिंदाद'ने १९८९ साली 'आपान्योन' या गाण्यात पोलिसांनी पोरं उचलण्याचा प्रकार मांडला होताच. मोलोतोवने त्या उचलण्यामागचा पैसा मांडला. काही मोठ्या दुकानांनी तो अल्बम ठेवायचं नाकारलं, तेव्हा तो रस्त्यावर विकला गेला.

लंडनचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली तारखांची जुळणी डोळ्यांत भरते. 'द क्लॅश' या बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७७चा. त्यात 'पोलीस अँड थीव्ह्ज' आहे, जमैकाच्या ज्युनियर मर्व्हिनचं आदल्याच वर्षीचं गाणं. बाकी अल्बम दोन-दोन मिनिटांत धावत सुटलेला आणि हे एकटं सहा मिनिटांचं. एक गिटार मात्रेवर पडते, दुसरी मात्रेच्या मधल्या फटीत, आणि पोलीस व चोर एकाच वाक्यात शेजारी चालत राहतात. मेमध्ये लंडनच्याच कोर्टात अश्लील साहित्यविरोधी पथकाचा माजी प्रमुख बिल मूडी याला सोहो या भागातल्या अश्लील साहित्याच्या दुकानदारांकडून पैसे घेतल्याबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली. ती दुकानं क्लॅशच्या शहरातली. तरी गाणं किंग्स्टनच्या रस्त्यावरच्या हिंसेचं आहे, सोहोच्या वसुलीचा त्यात मागमूस नाही. पुन्हा तेच. हप्ता ज्यांच्यात फिरत होता त्यांच्यापैकी कुणी गाणारा नव्हता.

एक आक्षेप रास्त आहे. बुटाची गाणी आणि पाकिटाचा व्यवहार हे दोन वेगळे विषय असतील, तर दोन्ही एका लेखात का? माझ्या मते ते वेगळे नाहीत. ज्या दलाला काही दारं ठोकायची नसतात, त्याला दुसरी दारं जोरात ठोकून दाखवावी लागतात. वर्षाअखेर अटकेचे आकडे हवे असतात, वर्तमानपत्रात कडक शिस्तीचा फोटो हवा असतो. लांब केसांची पोरं त्यासाठी सोयीची, त्यांचा वकील नसतो आणि त्यांची बाजू घेणारा आमदार नसतो. म्हणून 'टास्क फोर्स' ऐकताना मी ते लाचेचंच गाणं म्हणून ऐकतो. त्या व्यवहाराची जी बाजू रस्त्यावरून दिसत होती ती त्यात पुरेपूर आहे.

न दिसणारी बाजू १९८७ साली उजेडात आली. जानेवारीपासून 'कुरियर-मेल' या दैनिकात फिल डिकी हे पत्रकार वेश्यागृहांची मालकी कुणाची याचा पत्ता लावत होते. कागदपत्रं, भाडेकरार, पाट्या, साधं चिवट काम. ११ मेच्या रात्री मास्टर्स यांचा 'द मूनलाइट स्टेट' हा कार्यक्रम दाखवला गेला. मुख्यमंत्री तेव्हा राज्याबाहेर होते. प्रभारी मुख्यमंत्री बिल गन यांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी जाहीर केली. टोनी फिट्झजेराल्ड या वकिलाच्या हाती ती गेली. आयोग काही आठवड्यांत गुंडाळेल असं सरकारला वाटलं होतं, तो दोन वर्षं चालला. त्याने माफी देऊन साक्षी घेतल्या आणि लायसन्सिंग ब्रँचचा हॅरी बर्जेस फुटला. मग हर्बर्ट लंडनहून परत आणला गेला आणि तोही बोलला. वर्षानुवर्षं कुठलंही गाणं पोचू शकलं नव्हतं त्या खोलीचं दार आतल्याच माणसांनी उघडलं.

ब्येल्के-पीटरसन १ डिसेंबर १९८७ला पायउतार झाले. अहवाल ३ जुलै १९८९ला विधानसभेत आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तीन दशकांहून जुनी राजवट निवडणुकीत पडली. सर टेरी लुईस यांना १९९१ साली चौदा वर्षांची शिक्षा झाली, १९९३ साली 'सर' ही पदवीही काढून घेतली गेली. ४ झेडझेडझेडला मात्र डिसेंबर १९८८मध्ये, म्हणजे चौकशी ऐन रंगात असताना, विद्यापीठाच्या आवारातून बाहेर काढण्यात आलं होतं. आयोगाने पोलीस बदलले तरी आवाजाची भीती लगेच जात नाही.

१४ जुलै २००७ रोजी त्याच विद्यापीठाच्या आवारात एक दिवसभराची मैफल झाली. क्वीन्सलँडच्या अधिकृत संगीत महोत्सवाचा तो भाग होता आणि तिचं नाव होतं 'पिग सिटी'. बेली, क्युपर आणि ढोलावर आयव्हर हेय, सेंट्सचे हे तिघे कितीतरी वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. जुगारअड्ड्यांची ती फॉर्टिट्यूड व्हॅली २००६पासून कायद्याने घोषित केलेला संगीताचा विभाग आहे. कुठल्या जागेत किती डेसिबल चालतील ते तिथे लिहून ठेवलेलं असतं, आणि नव्याने घर बांधणाऱ्यालाच भिंतींना आवाज अडवणारं अस्तर घालावं लागतं. ४ झेडझेडझेडही आता त्याच व्हॅलीत, बॅरी परेडवरच्या एका इमारतीत आहे. १०२.१ एफएमवर ते अजून ऐकू येतं.